विश्लेषण : संघ हरतो, तरी तिकिटे संपतात! नेब्रास्काच्या चाहत्यांची सहनशक्ती हाच संघाचा शत्रू आहे का?

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात शरद ऋतूतल्या शनिवारी लिंकन हे राजधानीचे शहर लाल रंगात बुडून जाते. विद्यापीठाच्या मेमोरियल स्टेडियममध्ये सुमारे ८५ हजार प्रेक्षक बसतात. म्हणजे आपली अडीच वानखेडे स्टेडियम! ३ नोव्हेंबर १९६२ पासून इथल्या प्रत्येक घरच्या सामन्याची तिकिटे संपली आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये या विक्रमाने सलग ४०० सामन्यांचा टप्पा गाठला. त्या दिवशीही संघ हरला. इलिनॉयविरुद्ध, तोही जादा वेळेत, ३१-२४.

या एका निकालात नेब्रास्काच्या चाहत्याची सगळी गोष्ट आली. भरलेले स्टेडियम, हातातोंडाशी आलेला विजय आणि शेवटी रिकामे हात. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला हा संघ इतका खाली कसा आला? चाहते त्याला सोडून का जात नाहीत? आणि त्यांच्या निष्ठेने संघाचे भले होते की नुकसान? जाणून घेऊया.

हा कुठला फुटबॉल आणि त्याचे एवढे वेड का?

हा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. हेल्मेट घालून, लंबगोल चेंडू हातात घेऊन धावण्याचा अमेरिकी फुटबॉल. त्याची व्यावसायिक स्पर्धा म्हणजे 'एनएफएल'. मात्र अमेरिकेच्या अनेक राज्यांत त्यापेक्षा विद्यापीठांच्या संघांची भक्ती मोठी असते. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धेचा निकाल वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात येतो. तिकडे अनेक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी कर्मचारी हा विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षक असतो. राज्याचा गव्हर्नरसुद्धा त्याच्या आसपास नसतो.

नेब्रास्कात हे वेड आणखी गडद आहे. २०२० च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या २० लाखांहूनही कमी. मका आणि गुरे ही इथली ओळख. संघाचे नावही 'कॉर्नहस्कर्स', म्हणजे मक्याची कणसे सोलणारे. राज्यात एनएफएल, एनबीए किंवा मेजर लीग बेसबॉलचा एकही संघ नाही. त्यामुळे ओमाहातला बँक अधिकारी आणि पश्चिमेकडचा शेतकरी यांना एकत्र बांधणारी गोष्ट एकच, ती म्हणजे 'हस्कर्स'. सामन्याच्या दिवशी स्टेडियममधली गर्दी मोजली तर ओमाहा आणि लिंकननंतर ते राज्यातले तिसऱ्या क्रमांकाचे 'शहर' ठरते.

हा प्रेक्षक दिलदार म्हणूनही ओळखला जातो. जिंकून मैदानाबाहेर जाणाऱ्या पाहुण्या संघासाठी टाळ्या वाजवण्याची इथे जुनी रीत आहे. अलीकडे त्या टाळ्या वाजवण्याची वेळ फारच वारंवार आली, ही गोष्ट वेगळी.

सुवर्णकाळ म्हणतात तो खरोखर तेवढा मोठा होता?

होता. १९६२ मध्ये बॉब डेव्हनी प्रशिक्षक झाले आणि १९७० व १९७१ मध्ये त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. त्यांच्यानंतर १९७३ मध्ये आलेल्या टॉम ऑसबर्न यांनी २५ मोसमांत २५५ सामने जिंकले, ४९ हरले आणि ३ बरोबरीत सोडवले. या २५ पैकी एकाही मोसमात त्यांचे विजय नऊच्या खाली गेले नाहीत. १९९४, १९९५ आणि १९९७ अशी तीन विजेतेपदे त्यांच्या नावावर आहेत. त्यातले १९९७ चे मिशिगनसोबत विभागून मिळाले. शेवटच्या पाच मोसमांत तर ६० विजय आणि फक्त ३ पराभव!

मोसमाअखेरीस चांगल्या संघांना 'बाऊल' या नावाच्या सामन्यांत खेळायला मिळते. त्यासाठी साधारणपणे १२ पैकी ६ सामने जिंकावे लागतात. नेब्रास्का १९६९ ते २००३ अशी सलग ३५ वर्षे बाऊल खेळली. त्या काळातल्या चाहत्याला नऊ विजयांचा मोसम म्हणजे जेमतेम पास झाल्यासारखा वाटे.

आजचा त्रास समजून घ्यायचा तर हीच मोजपट्टी लक्षात ठेवावी लागते. १९९७ मध्ये वडिलांच्या खांद्यावर बसून सामना पाहणारे आठ वर्षांचे पोर आज स्वतः पस्तिशी ओलांडून आपल्या मुलांना स्टेडियमवर घेऊन जाते. संघाने शेवटची साखळी जिंकली ती १९९९ मध्ये. म्हणजे २००० नंतर जन्मलेल्या एकाही चाहत्याने साखळी विजेतेपदसुद्धा पाहिलेले नाही. त्याच्यासाठी सुवर्णकाळ ही घरात ऐकलेली गोष्ट आहे, वाड्याच्या जुन्या श्रीमंतीसारखी.

घसरण नेमकी कुठून सुरू झाली?

बहुतेक चाहते एकाच तारखेकडे बोट दाखवतात, ती म्हणजे २००३ च्या मोसमाची अखेर. ऑसबर्न यांचे उत्तराधिकारी फ्रँक सोलिच यांनी सहा वर्षांत ५८ सामने जिंकले आणि १९ हरले. २००१ च्या मोसमात संघ राष्ट्रीय विजेतेपदाच्या लढतीपर्यंत पोहोचला होता. पुढच्या वर्षी ७-७ अशी घसरण झाली, पण २००३ मध्ये पुन्हा ९ विजय आले. तरीही क्रीडा संचालक स्टीव्ह पीडरसन यांनी सोलिच यांना काढले. संघाला सामान्य होऊ देणार नाही, असा त्यांचा सूर होता.

त्यानंतर जे झाले ते सामान्यपणालाही लाजवणारे होते. बिल कॅलहन यांच्या पहिल्याच मोसमात, २००४ मध्ये, १९६१ नंतर प्रथमच विजयांपेक्षा पराभव जास्त झाले. २००७ मध्ये कॅन्ससने नेब्रास्काला ७६-३९ असे धुतले. मग ऑसबर्न स्वतः क्रीडा संचालक म्हणून परतले आणि त्यांनी बो पेलिनी यांना आणले. पेलिनी यांनी सातही मोसमांत किमान नऊ सामने जिंकले. पण एकही साखळी विजेतेपद नाही आणि मोठ्या सामन्यांत मोठे पराभव. २०१४ मध्ये ९-३ अशी कामगिरी असताना त्यांनाही नारळ मिळाला. त्यांच्या जागी आलेल्या माइक रायली यांचा तीन वर्षांचा हिशेब १९ विजय आणि १९ पराभव.

म्हणजे दोनदा नऊ विजय 'कमी' ठरवून प्रशिक्षक काढला गेला आणि दोन्ही वेळा पुढचा माणूस त्या पातळीवर टिकू शकला नाही. संघाने अपेक्षा उंच ठेवल्या ही चूक नव्हती. त्या पूर्ण करणारा माणूस हाताशी नसताना आधीचा सोडला, ही चूक होती.

स्कॉट फ्रॉस्ट यांचा अध्याय एवढा जिव्हारी का लागला?

कारण तो घरचा मुलगा होता. नेब्रास्कात वाढलेले फ्रॉस्ट १९९७ च्या विजेत्या संघाचे क्वार्टरबॅक. २०१७ मध्ये सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाच्या संघाला त्यांनी १३-० असा अपराजित मोसम दिला. ते घरी परतले तेव्हा राज्यात उत्सवाचे वातावरण होते. आता सगळे ठीक होणार, यावर जवळपास सर्वांचे एकमत होते.

प्रत्यक्षात त्यांच्या कारकिर्दीत १६ विजय आणि ३१ पराभव झाले. यातला खरा छळ आकड्यांच्या पोटात आहे. आठ किंवा त्याहून कमी गुणांनी निकाल लागलेल्या, म्हणजे 'एका फटक्याच्या' लढतींत त्यांचा हिशेब ५ विजय आणि २२ पराभव असा होता. असे सामने निव्वळ नाणेफेकीने ठरतात असे धरले, तर २७ पैकी ५ किंवा त्याहून कमी जिंकण्याची शक्यता येते सुमारे १,३०० मध्ये १. नशिबाच्या नावावर इतके खपत नाही. कुठेतरी सवयच बिघडली होती.

२०२१ चा मोसम हा त्याचा कळस. १२ पैकी ९ सामने हरले आणि नऊच्या नऊ पराभव एक अंकी फरकाने! मिशिगन स्टेटविरुद्ध आघाडीवर असताना शेवटच्या चार मिनिटांत एक पंट चुकीच्या दिशेला गेला, प्रतिस्पर्ध्याने तो परत धावत आणून टचडाउन केला आणि सामना जादा वेळेत गेला. २०२२ ची सुरुवात आयर्लंडमधल्या डब्लिनमध्ये झाली. नॉर्थवेस्टर्नवर २८-१७ अशी आघाडी असताना फ्रॉस्ट यांनी चेंडू पुन्हा आपल्याकडेच ठेवण्याचा जुगार खेळला, 'ऑनसाइड किक'चा. तो फसला. निकाल : ३१-२८ असा पराभव. दोन आठवड्यांनी जॉर्जिया सदर्नकडून घरच्या मैदानावर ४५-४२ अशी हार आली आणि दुसऱ्या दिवशी फ्रॉस्ट यांना काढले.

करारानुसार त्यांना द्यायची रक्कम होती दीड कोटी डॉलर, त्या वेळच्या दराने सुमारे १२० कोटी रुपये. १ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे तीन आठवडे थांबले असते तर ती निम्मी झाली असती. विद्यापीठ तेवढेही थांबले नाही.

मॅट रूल आल्यावर चित्र बदलले का?

थोडे बदलले. पण जखम त्याच जागी. २०२३ मध्ये रूल यांच्या पहिल्या मोसमात संघ ५-३ असा पुढे होता. बाऊलसाठी उरलेल्या चारपैकी फक्त एक विजय हवा होता. चारही सामने गेले आणि एकाही पराभवातला फरक सात गुणांपेक्षा जास्त नव्हता. २०१७ पासून सुरू झालेली ही सलग सातवी तोट्याची वर्षअखेर ठरली.

२०२४ मध्ये विस्कॉन्सिनला ४४-२५ असे हरवून संघ आठ वर्षांनी बाऊलला पात्र ठरला आणि पिनस्ट्राइप बाऊलमध्ये बोस्टन कॉलेजवर २०-१५ असा विजयही मिळाला. न्यूयॉर्कच्या थंडीतल्या त्या विजयाचा आनंद एखाद्या विजेतेपदासारखा साजरा झाला. ज्या संघाला एके काळी नऊ विजय कमी वाटत, त्याच्या चाहत्यांना सातव्या विजयाने भरून आले!

पण शेजारच्या आयोवाचे काय? दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस, 'थँक्सगिव्हिंग'च्या दुसऱ्या दिवशी होणाऱ्या या लढतीत नेब्रास्का २०१८, २०१९, २०२३ आणि २०२४ अशी चार वेळा अगदी शेवटच्या क्षणी मारलेल्या फील्ड गोलने हरली. शेवटच्या दोन्ही वेळी गुणफलक तोच होता, १३-१०. २०२५ मध्ये शेवटच्या क्षणाची वाटच पाहावी लागली नाही. आयोवाने ४०-१६ असे सरळ झोपवले.

दोष फक्त प्रशिक्षकांचा आहे का?

नाही, आणि रागावलेला चाहता इथेच अनेकदा गल्लत करतो. खेळाची रचनाच बदलली आहे. पूर्वी मोठे संघ हवे तितके खेळाडू शिष्यवृत्तीवर साठवून ठेवत. १९७३ मध्ये त्यावर १०५ ची मर्यादा आली, पुढे ९५ आणि १९९० च्या दशकात ८५. त्यातून अनेक गुणी खेळाडू इतर विद्यापीठांकडे वळले. राज्यातलीच, शिष्यवृत्तीशिवाय आलेली शेतकऱ्यांची पोरे घासूनपुसून तयार करणे ही नेब्रास्काची खासियत होती. पण वेगवान खेळाडूंची खाण टेक्सास, फ्लोरिडा, कॅलिफोर्निया आणि जॉर्जियात आहे. २०११ मध्ये नेब्रास्काने 'बिग १२' साखळी सोडून 'बिग टेन' धरली. त्याबरोबर टेक्सासमधल्या संघांशी दरवर्षीची गाठ सुटली आणि ओक्लाहोमाशी असलेले जुने वैरही मागे पडले.

त्यानंतर पैसा उघडपणे आला. जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपले नाव आणि चेहरा वापरून जाहिरातींतून कमावण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी खेळाडूला एकदा वर्ष न गमावता विद्यापीठ बदलण्याची मोकळीक मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर तर विद्यापीठे थेट खेळाडूंना पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षासाठी ही मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर. चार वर्षे धीराने खेळाडू घडवण्याचा नेब्रास्काचा जुना मार्ग या बाजारात महाग पडतो.

मग इंडियानाला कसे जमले?

या प्रश्नावर सगळ्या सबबी अडतात. इंडियाना हा पिढ्यान्पिढ्या हरण्यासाठीच ओळखला जाणारा बिग टेनमधला संघ. २०२३ मध्ये त्यांचे १२ पैकी ९ पराभव झाले होते. मग कर्ट सिग्नेटी प्रशिक्षक झाले. त्यांनी आपल्या आधीच्या विद्यापीठातले खेळाडू सोबत आणले, बदलीच्या नियमांचा पुरेपूर वापर केला आणि २०२४ मध्ये संघाला ११ विजयांसह राष्ट्रीय प्लेऑफमध्ये नेले. त्याच मोसमात त्यांनी नेब्रास्काला ५६-७ असे चिरडले. २०२५ मध्ये ओहायो स्टेटला हरवून बिग टेन जिंकली आणि जानेवारी २०२६ मध्ये मायामीला नमवून थेट राष्ट्रीय विजेतेपद पटकावले.

इंडियानाकडे ना नेब्रास्काचा इतिहास, ना ४०० भरलेल्या सामन्यांची पुण्याई. नवे नियम सगळ्यांना सारखेच आहेत. जे दोन वर्षांत तिथे झाले ते इथे दोन दशकांत का होऊ नये, हा लिंकनमधल्या चाहत्याचा सवाल रास्त आहे.

एवढे होऊनही चाहता सोडून का जात नाही?

मानसशास्त्रात याचे एक जुने उत्तर आहे. रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये अमेरिकी विद्यापीठांत अभ्यास केला. फुटबॉल संघ जिंकला की सोमवारी विद्यार्थी विद्यापीठाचे नाव असलेले कपडे जास्त घालत. बोलतानाही विजयाबद्दल 'आपण' जिंकलो असे म्हणत. पराभवानंतर हा 'आपण' आटत असे. पुढच्या अभ्यासांनी दाखवले की हरणाऱ्या संघापासून लोक अंतर राखतात.

नेब्रास्काचा चाहता मात्र या नियमाला पुरता बसत नाही. तो हरल्यावरही 'आपण'च म्हणतो. कारण संघ ही त्याच्यासाठी निवड नाही, गावाचे नाव आहे. हंगामी तिकिटांच्या जागा कित्येक घरांत पिढ्यान्पिढ्या चालत आल्या आहेत. शेजारची खुर्ची कोणाची, हे आजोबांपासून ठरलेले असते. ती जागा सोडणे म्हणजे तिकीट परत करणे नव्हे, घरातला एक शनिवार कायमचा मिटवणे.

आणि दुसरे कारण, थोडक्यात हुकलेला विजय. ४० गुणांनी हरणारा संघ माणूस सोडू शकतो. तीन गुणांनी हरणारा सोडवत नाही, कारण पुढच्या वेळी जमेल असे दरवेळी वाटते.

भरलेल्या स्टेडियमचा तोटा काय?

इथे थोडे स्पष्ट बोलायला हवे. विद्यापीठाच्या दृष्टीने तिकिटे संपणे म्हणजे सगळे ठीक चालल्याचा पुरावा. हा विक्रम जपण्यासाठी तर अलीकडे देणगीदारांनी न विकली गेलेली तिकिटे घेतली आणि ती गरजू मुलांना दिली. मुलांना सामना पाहायला मिळाला, हे उत्तमच. पण त्याबरोबर रिकाम्या खुर्चीतून जो निरोप व्यवस्थापनापर्यंत पोहोचला असता, तो पोहोचला नाही.

दूरचित्रवाणीचे उत्पन्नही निकालावर अवलंबून नाही. बिग टेनने ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर केलेला सात वर्षांचा प्रक्षेपण करार सात अब्ज डॉलरहून मोठा आहे. त्यातला वाटा नेब्रास्काला चार सामने जिंकले तरी मिळतो आणि दहा जिंकले तरी. चाहता तिकीट काढतो, वाहिनी पैसे देते आणि अपयशाची किंमत मोजायला उरतो तो फक्त प्रशिक्षक. तोही कोट्यवधी डॉलर घेऊन जातो. २००३ पासून पाच कायम प्रशिक्षकांना काढण्यात आले. त्यांना निवडणाऱ्या क्रीडा संचालकांच्या खुर्चीवरही तेव्हापासून सहा जण बसून गेले. प्रत्येक नवा माणूस आला तो आधीच्याचा पाया उखडतच.

म्हणून चाहत्यांचा राग चुकीचा नाही, त्याचा पत्ता चुकीचा आहे. शनिवारी रात्री क्वार्टरबॅकच्या नावाने बोटे मोडून काही होत नाही. विचारायचे असेल तर ते व्यवस्थापनाला. पुढचा प्रशिक्षक कोणत्या निकषांवर निवडणार? खेळाडूंवरचा पैसा कुठे खर्च होतो? चार वर्षांनी कोणते मोजमाप लावणार? सार्वजनिक विद्यापीठाने याची उत्तरे उघडपणे दिली पाहिजेत. आणि चाहत्यानेही स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा. नऊ विजय मिळवणारा प्रशिक्षक पुन्हा मिळाला, तर या वेळी तो आपल्याला पुरेल का?

पुढे काय?

२०२५ चा साखळी मोसम संघाने ७-५ असा संपवला. सात तोट्याच्या वर्षांनंतर हे सुधारणेचेच लक्षण आहे. पण सुधारणा आणि समाधान यांतले अंतर अजून मोठे आहे. विद्यापीठाने त्या मोसमातच रूल यांचा करार २०३२ पर्यंत वाढवला, म्हणजे निदान धीर धरण्याचे तरी ठरवलेले दिसते.

हा प्रेक्षक केवळ सवयीचा गुलाम नाही, हेही विसरता कामा नये. ३० ऑगस्ट २०२३ रोजी याच मैदानात महिलांच्या व्हॉलीबॉल सामन्यासाठी ९२,००३ लोक आले. महिलांच्या क्रीडा सामन्याचा तो जागतिक विक्रम होता. नेब्रास्काचा महिला व्हॉलीबॉल संघ जिंकतो, चांगला खेळतो, म्हणून लोक आले. चांगले काय हे या राज्याला नेमके कळते. फुटबॉल संघाकडून ते फक्त तेवढेच मागत आहेत.

सप्टेंबर आला की स्टेडियम पुन्हा भरेल. प्रवेशद्वारांवर चाहत्यांचे कौतुक करणारे शब्द वर्षानुवर्षे कोरलेले आहेत. त्याखालून आत जाणाऱ्याने त्या कौतुकाचा हिशेब कधीच चुकता केला आहे. बाकी आहे ती संघाकडची.